'ल त्रू' (१९६०): एक कोठडी, पाच कैदी आणि फरशीखालचं काम

पडदानशीन

इशारा आधीच देतो: शेवटासकट सगळं उघड बोलणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, धागा कुठे पळत नाही.

तुरुंगातून पलायन म्हटलं की मराठी वाचकांची गाडी 'पॅपिलॉन'वर येऊन थांबते. रवींद्र गुर्जरांच्या अनुवादामुळे ते नाव घराघरांत गेलं, तेव्हा ते साहजिकच आहे. पण तिथे समुद्र आहे, बेटं आहेत, वर्षानुवर्षांचा पल्ला आहे. जाक बेकेर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'ल त्रू'मध्ये ('भोक') यातलं काहीही नाही. पॅरिसच्या ला सांते तुरुंगातली एक कोठडी, तिच्याखालचं तळघर आणि त्याच्याही खालचं गटार, एवढाच ऐवज.

घटना १९४७ सालची आणि खरी. त्या प्रयत्नात सामील असलेला जोझे जिओव्हानी पुढे लेखक झाला, १९५७ मध्ये त्याने त्यावर कादंबरी लिहिली आणि पटकथेतही हात घातला. त्याच टोळक्यातला दुसरा माणूस म्हणजे जाँ केरोदी. पडद्यावर रोलाँ झालाय तो हाच, म्हणजे स्वतःचीच भूमिका. सुरुवातीला तो मोटारीचं काम करता करता कॅमेऱ्याकडे वळून सांगतो, की माझ्या मित्राने जे उभं केलंय ते माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. बाकीचेही बरेचसे नवखे. जेओचं काम करणारा मिशेल कॉन्स्तांतँ व्हॉलीबॉल खेळाडू होता, मान्यू झालेला फिलिप लरुआ फौजेतला छत्रीधारी सैनिक. बेकेर स्वतः फेब्रुवारी १९६० मध्ये गेला आणि सिनेमा मार्चमध्ये लागला.

कोठडीत चौघं आधीपासून आहेत: जेओ, मान्यू, रोलाँ आणि ज्याला सगळे 'मोंसेन्योर' म्हणतात तो. पाचवा गास्पार नंतर येतो, कारण त्याच्या भागात दुरुस्तीचं काम निघालंय. चौघांचा बेत ठरलेला आहे, आता या नवख्याला सांगायचं की नाही? सांगितलं नाही तर काम करता येत नाही. सांगितलं तर पाच जणांचं नशीब एकाच्या तोंडावर. इथून सिनेमा सुरू.

यातली मैत्री कुणी बोलून दाखवत नाही. मिठ्या नाहीत, 'तू माझा भाऊ' नाही, रात्री खिडकीतून आभाळ बघत केलेली मनोगतं नाहीत. मैत्री म्हणजे पाळी. तुझी पाळी संपली, आण इकडे लोखंड. या अंगाने सिनेमा पाहणारे लोक इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढला. हत्यारं, वेळेचं गणित, तुरुंगातले रिवाज, कायदा, ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहावं.

सिव्हिलवाला

फरशी फोडण्याच्या दृश्यावर आधी माझाच हक्क.

क्रम बघा. वरचा थर लाकडी पट्ट्यांचा, तो उचकटायला अवघड नाही. कटकट पुढे, खालच्या काँक्रीटची. हातोडा नाही, छन्नी नाही. खाटेचा लोखंडी तुकडा काढून तोच पहारीसारखा वापरतात. कॅमेरा जमिनीवर रोखलेला, जवळपास चार मिनिटं एकही कट नाही. फक्त हात बदलतात.

पहिल्या कितीतरी घावांत काहीच होत नाही, आणि ते बरोबर आहे. सपाट काँक्रीटवर मधोमध मारलं की घाव चारी बाजूंना पसरतो, निघते ती फक्त पांढरी भुकटी. खरा फरक पडतो एक खळगा तयार झाल्यावर. खळग्याला कड आली की कडेवर तिरका घाव घालायचा, मग चिपा सुटतात. म्हणजे पहिला टप्पा सगळ्यात लांब आणि सगळ्यात निरुत्साही, त्यानंतर वेग एकदम वाढतो. दृश्यात अगदी हेच दिसतं. आधी ठणठण आवाज आणि धूळ, मग आवाज बदलून बोदा होतो, मग खडी मोकळी होते. कान असलेल्याला आवाजावरूनच कळतं की आता सुटलं.

आता मलब्याचा हिशोब. समजा माणूस जाईल असं ६० सेंटिमीटर व्यासाचं भोक आणि जाडी ३० सेंटिमीटर. घनफळ ०.०८५ घनमीटर, वजन १९०-२०० किलो. फोडलेला माल फुगतो, दीडपट धरा. म्हणजे १५ लिटरच्या आठ-नऊ बादल्या. खाली आरपार गेलं की उरलेलं तळघरात ढकलता येतं, पण आरपार जाईपर्यंत निघालेला सगळा माल कोठडीतच लपवावा लागतो. पुस्तकांत आणि सिनेमांत लोक भुयार खणतात, माती कुठे जाते ते कुणी विचारत नाही.

आणि आवाज! एवढी ठोकाठोक कुणाला ऐकू कशी गेली नाही? तुरुंगात दुरुस्तीचं बांधकाम चालू आहे, दिवसभर कुठे ना कुठे ठोकणं सुरूच असतं. ज्या कामामुळे गास्पारची बदली झाली त्याच कामाच्या आवाजाखाली हे फोडतात. म्हणून फोडणं दिवसा आणि पुढचं खणणं रात्री.

तिरकस

चार मिनिटं काँक्रीट फोडणं बघायचं? आमच्या गल्लीत महापालिका वर्षभर फुकट दाखवते.

सिव्हिलवाला

@तिरकस, ते तुमच्याच पैशाने दाखवतात हो.

पान्हा_पक्कड

हत्यारांवर लिहितो.

आरसा: काचेचा छोटा तुकडा टूथब्रशच्या दांड्याला बांधतात आणि दाराच्या भोकातून बाहेर काढतात. ४५ अंशात धरला की समोरच्या भिंतीऐवजी लांबपर्यंतची ओसरी दिसते. गोम अशी की आरसा एक अंश फिरला तर दिसणारं चित्र दोन अंश सरकतं. हात किंचित थरथरला की शिपाई दिसला की खांब, हेच कळत नाही. त्यामुळे ब्रश हवेत धरून चालत नाही, भोकाच्या काठावर टेकवून बोटांनी हलके फिरवायचा. दुसरा धोका चमक. ओसरीतल्या दिव्याचा कवडसा काचेवर पडला तर बाहेरच्या माणसाला ठिपका लकाकताना दिसतो. म्हणून तुकडा नखाएवढा हवा आणि बघून झालं की लगेच आत.

वाळूचं घड्याळ: औषधाच्या दोन छोट्या बाटल्या तोंडाला तोंड लावून. खाली भुयारात गेलेल्याला दिवस-रात्र कळत नाही आणि फेरीची वेळ चुकली तर खेळ खलास. हे करायला दिसतं तितकं सोपं नाही.

वाळूचं घड्याळ पाण्याच्या घड्याळापेक्षा सरस, कारण वर वाळू किती उरली यावर तिचा वेग जवळजवळ अवलंबून नसतो. पाणी कमी झालं की धार मंदावते, वाळू शेवटपर्यंत त्याच वेगाने पडते. पण वाळू चाळलेली हवी, सगळे कण सारखे. भोक कणाच्या निदान सहा-सातपट मोठं हवं, नाहीतर कण एकमेकांत अडकून कमान धरतात आणि घड्याळ गपगार. शिवाय कोरडी. तळघरातली ओल लागली तर गुठळी झालीच. आणि भोकाचं माप फार नाजूक: व्यास वीस टक्क्यांनी वाढला तर वेग जवळजवळ दीडपट होतो. म्हणून भोक नेमकं पाडायच्या भानगडीत न पडता जमेल तसं पाडायचं, मग बाहेरच्या घंटेच्या ठोक्यांशी ताडून वाळू कमी-जास्त करायची.

चूक कुठल्या बाजूला झालेली परवडते? घड्याळ पुढे पळालं तर माणूस लवकर परततो, थोडं काम बुडतं. मागे पडलं, म्हणजे वाळू रेंगाळली, तर तो अजून वेळ आहे म्हणून खणत बसतो आणि वर फेरी येते. शहाणा माणूस मुद्दाम थोडी वाळू कमी भरेल.

रोलाँच्या हातांकडे बघत राहा. तो एखादी वस्तू उचलतो तेव्हा तिचं काय होऊ शकतं याचा अंदाज घेत उचलतो. लोखंडाचा तुकडा घेऊन किल्ली करतो तेव्हा घाई नाही: थोडं घासायचं, कुलपात घालून बघायचं, कुठे अडतं ते बोटाला कळलं की तेवढंच पुन्हा घासायचं. जास्त घासलं गेलं तर धातू परत येत नाही. अभिनेता शिकवून हे येत नसतं.

मधुरा_ठा

पक्कडदादा, अंथरुणातले पुतळे राहिले! भुयारात दोघं गेले की त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे आकार झोपवतात. दोरी बांधलेली असते, शिपाई भोकातून डोकावला की कोठडीत राहिलेला कुणीतरी पांघरुणाखालून दोरी ओढतो आणि 'झोपलेला' कूस हलवल्यासारखा हलतो. निश्चल पुतळ्यापेक्षा हा प्रकार कितीतरी खात्रीचा, कारण रोज हजारदा डोकावणाऱ्याची नजर हालचाल झाली की पुढे सरकते.

आणि पुठ्ठा आला कुठून? ते काम मागून घेतात, खोकी दुमडायचं. एका दगडात बरेच पक्षी. दिवसभर कोठडीत थांबायला कारण मिळालं, फरशीतल्या भोकावर रचायला चळत मिळाली, पुतळ्यांना माल मिळाला, शिवाय खोकी दुमडण्याचा आवाजही थोडा झाकतो.

शालन

कोठडीतल्या खाण्यापिण्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

बाहेरून आलेल्या डब्यांची तपासणी आठवा. शिपाई एकच सुरी घेऊन बसलाय. मांस काप, तीच सुरी चीजमध्ये, तीच लोण्यात, तीच गोडात. पुसणं नाही. बेकेर हे इतका वेळ दाखवतो की पोटात ढवळतं. नियमाच्या दृष्टीने शिपायाचं काहीच चुकत नाही, आत करवतीचं पातं असू शकतं. पण खाणाऱ्याचा मान किती उरतो, ते त्या सुरीवर दिसतं.

आता तेच अन्न कोठडीत आल्यावर बघा. गास्पार घरचा माणूस आहे, म्हणजे पैशावाल्या घरचा, त्याला चांगलंचुंगलं येतं. तो सगळ्यांपुढे ठेवतो. पाच जणांनी मिळून खायचं, कुणी कुणाला आभार म्हणायचं नाही. आपल्याकडे पंगतीत एकदा बसलं की माणूस परका उरत नाही, तसाच हिशोब ते चौघं करतात. बेत सांगण्याआधी त्याला पारखायला त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? वाटून खातो का, तक्रार करतो का, शिपायाशी कसा बोलतो. यातली तिसरी गोष्ट त्यांनी नीट पाहिली नाही असं माझं मत. गास्पार साहेबाशी फार गोड बोलतो. अगदी सुरुवातीला लायटरच्या प्रकरणात तो अधिकाऱ्यापुढे उभा आहे तेव्हाच ते दिसतं. साहेबाला असा कैदी आवडतो.

नळ दुरुस्तीवाल्यांचा प्रसंगही याच रांगेतला. ते दोघेही कैदीच. कोठडीत येऊन नळ बघता बघता चौघांच्या वस्तू लांबवतात. हे कळल्यावर कोठडीवाले तक्रार अर्ज करत बसत नाहीत. शिपाईच त्या दोघांना परत आणतो, दार लावतो आणि चोप पडू देतो. माल परत, हिशोब पूर्ण, कागदावर काही नाही. कैद्याने कैद्याचं चोरायचं नाही हा कायदा शिपायालाही मान्य आहे. तुरुंग चालतो तो नियमावलीवर थोडा आणि अशा समजुतींवर बराचसा.

तिरकस

शालनताई, +१. सुरीचं दृश्य जेवताना पाहू नये, एवढी सूचना धाग्याच्या डोक्यावर टाका.

निशाचर_नाना

जागेबद्दल थोडं. ला सांते पॅरिसच्या १४व्या विभागात, बुलव्हार अरागोला लागून. १८६७ मध्ये उघडला. शिक्षा होण्याआधीचे, म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी, प्रामुख्याने इथे ठेवत. शहराचा तो भाग खालून पोखरलेला आहे, जुन्या दगडखाणींच्या पोकळ्या आणि गटारांचं जाळं. तुरुंगाच्या खाली पोचलं की शहराच्या खाली पोचलं, हा बेत हवेतला नव्हता. (१९८६ मध्ये याच तुरुंगाच्या छतावरून मिशेल व्होजूर या कैद्याला त्याच्या बायकोने हेलिकॉप्टर चालवत नेलं. खालची वाट सोडून वरची. २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला, २०१९ मध्ये पुन्हा सुरू.)

तळघरातला प्रवास बघताना मी दर वेळी नकाशा काढायचा प्रयत्न करतो आणि जमतोही, हे बेकेरचं कसब. भोकातून खाली तळघर. तिथे लांबच लांब वाटा, कुलूपबंद दारं. दारं पार करत गटारापर्यंत. गटार थेट बाहेर गेलं असतं, पण वाटेत काँक्रीटचा अडथळा भरून ठेवलाय. तो फोडण्याऐवजी त्याला वळसा घालून बाजूच्या भिंतीतून भुयार काढायचं आणि पलीकडे पुन्हा गटारात उतरायचं. दोघादोघांच्या पाळ्या, रात्री मागून रात्री.

अडथळ्याला वळसा का, समोरून का नाही? सिव्हिलवाले सांगतीलच, पण माझ्या मते साधं कारण: सलग काँक्रीटच्या ठोकळ्याला सगळीकडून आधार असतो, चिपा सुटायला कड मिळत नाही. बाजूचं बांधकाम आणि माती तुलनेने मऊ. लांब पडतं, पण सरकतं.

तळघरातली दोन दृश्यं. एक, गस्तीचे दोन शिपाई येतात. रोलाँ आणि मान्यू खांबाआड. एक दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला, आणि शिपाई खांबाभोवती सरकतील तसे हे उलट बाजूने सरकतात. खालच्याला वरच्याचं वजन पेलत पाऊल न वाजवता फिरायचंय, वरच्याने तोल सांभाळत श्वास धरायचाय. दोघांना मिळून एक शरीर व्हावं लागतं. दोन, त्यांतला एक शिपाई कोळ्याच्या जाळ्यात किडा टाकतो आणि बघत उभा राहतो. त्याचा रोजचा विरंगुळा असावा. हे शिपाई राक्षस नाहीत, कंटाळलेले नोकरदार आहेत. म्हणून जास्त भीती वाटते. कंटाळलेला माणूस कधी कुठे डोकावेल सांगता येत नाही.

सिव्हिलवाला

नाना, कारण बरोबर. भर घाला: ठोकळा नंतर ओतलेला, भिंत जुनी. जुन्या दगडी बांधकामात सांधे चुन्याचे, ते टोकदार लोखंडाने कुरतडता येतात आणि मग अख्खा दगड हलवून काढता येतो. एक दगड निघाला की शेजारचे सोपे. धोका छताचा. बाजूला मातीत शिरलात आणि वर आधार नसला तर ती कधीही बसते, आणि ओली असेल तर न सांगता बसते. खणणाऱ्यामागे दुसरा माणूस लागतो तो माल मागे ओढायला आणि वेळ आलीच तर पाय धरून खेचायला. एकट्याचं कामच नव्हे.

मधुरा_ठा

मला जेओबद्दल बोलायचंय. मध्येच तो सांगतो की मी येणार नाही. आई आजारी आहे, तो पळाला तर पोलीस तिच्या दारात जाणार, ते तिला झेपणार नाही. ठीक. कुणी समजूत घालत नाही, कुणी टोमणा मारत नाही. आणि तो पुढेही तितकंच काम करतो! फोडायला आहे, राखणीला आहे. पकडले गेले तर शिक्षा त्यालाही तेवढीच, सुटले तर मागे राहून चौकशीला तोंड तोच देणार.

ज्याला काहीच मिळणार नाही तो शेवटपर्यंत टिकतो आणि ज्याला सगळं मिळणार तो फुटतो. गास्पार आणि जेओ यांना शेजारी ठेवून बघा, सिनेमाचा कणा हाच आहे.

तिरकस

जेओ थोर, मान्य. पण गास्पारला सरळ फितूर म्हणून मोकळं का होत नाही आपण? इतकी वर्षं लोक त्याची बाजू घेतायत.

कलम_बहाद्दर

कारण ती घेण्यासारखी आहे. थोडं कायद्याचं बघू.

गास्पारवर बायकोच्या खुनाच्या प्रयत्नाचा आरोप. त्याचं मेहुणीशी प्रकरण आहे, बायकोशी झटापट, बंदूक उडाली, बायको जखमी. ती म्हणते मुद्दाम झाडली. मग शेवटच्या दिवशी मुख्य अधिकारी त्याला बोलावून सांगतो, की बायकोने तक्रार मागे घेतली.

इथे बरेच प्रेक्षक समजतात की आता तो सुटला. तसं नसतं. असला खटला सरकारचा असतो, तक्रारदाराचा नव्हे. आपल्याकडेही जुन्या दंड संहितेचं कलम ३०७ किंवा आता भारतीय न्याय संहितेचं १०९, दोन्ही आपसात मिटवता येत नाहीत. फ्रान्समध्येही सरकारी पक्ष खटला पुढे नेऊ शकतो. पण मुख्य साक्षीदारच उलटल्यावर आरोपाचं वजन घसरतं आणि सुटकेची आशा खरी होते. म्हणजे त्याला मिळाली ती सुटका नव्हे, शक्यता. आणि शक्यता साहेबाच्या मर्जीवर, अहवालावर, चांगल्या वागणुकीवर टांगलेली. हातात काही असलेल्यापेक्षा मिळण्याच्या बेतात असलेला जास्त भितो.

दुसरं. पळून जाताना सापडला तर ती शक्यता गेलीच. पळाला नाही पण कोठडीत भोक सापडलं तरी गेली, कारण तो तिथे होता, त्याने खणलंय. म्हणजे गप्प बसून मागे राहायची जेओची वाट त्याला सुरक्षित नाही. त्या दिवसापासून त्याच्यापुढे दोनच दारं: त्याच रात्री पळायचं किंवा सांगायचं.

तिरकस

बहाद्दर, हे त्याला पावन करणं झालं. आदल्या रात्रीच तर तो मान्यूबरोबर गटारातून बाहेर डोकावून आला होता. झाकण उचललं, रस्ता दिसला, टॅक्सी दिसली. दोघंही तिथूनच चालते झाले असते. का परतले? कोठडीत तिघं वाट बघतायत म्हणून. मान्यूच्या मनात न परतण्याचा विचारसुद्धा नाही. असल्या माणसाला तू विकतोस?

शालन

त्या दृश्यात गास्पारच्या चेहऱ्याकडे बघा, मान्यूच्या नाही. मान्यू रस्ता बघतो आणि अंतर मोजतो. गास्पारला रस्त्यावरून परत खाली उतरणं म्हणजे काय हे त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. त्याने मैत्री जेवणात पाहिली होती, कामात पाहिली होती. हातातली सुटका सोडून देण्यापर्यंत ती जाते, हे त्याच्या हिशोबात नव्हतं.

पडदानशीन

धागाकर्ता म्हणून मध्ये पडतो. त्याने सांगितलं हे आपल्याला दिसतच नाही, हे लक्षात घ्या. तो अधिकाऱ्यासमोर बसलाय, अधिकारी मायेने बोलतोय, आणि दृश्य तुटतं. परततो तेव्हा दोनेक तास झालेत. एवढा वेळ का लागला, हा मान्यूचा पहिला प्रश्न. गास्पार सांगतो ते खरं आहे, तक्रार मागे घेतल्याचं. तेवढंच सांगतो. चौघं त्याला घेरतात, विश्वास डळमळतो, आणि मग पुन्हा बसतो, कारण न बसवून चालणारच नसतं. रात्री निघायचंय.

आणि मग तोच आरसा, तोच टूथब्रश. मान्यू बाहेर काढतो आणि ओसरी शिपायांनी गच्च भरलेली दिसते. ज्या वस्तूने त्यांना इतके दिवस वाचवलं तिनेच बातमी दिली. पक्कड, तुमच्या दोन अंशांचं गणित इथे वाचून अंगावर काटा आला, कारण त्या क्षणी मान्यूचा हात हललेला नाही.

पुढची दोन मिनिटं झटापट, भोंगा, मान्यू गास्पारवर तुटून पडलेला. मग चौघं जवळजवळ उघडे, भिंतीकडे तोंड करून. गास्पारला दुसऱ्या कोठडीकडे नेताना रोलाँ त्याच्याकडे बघून 'बिचारा गास्पार' एवढंच म्हणतो. शिवी नाही.

निशाचर_नाना

शिवी न देणारा रोलाँच आहे, म्हणजे ज्याचं हे खरोखर घडलं तो माणूस. त्यामुळे ते वाक्य मला लेखकाचं वाटत नाही.

बेकेरबद्दल एक पुरवणी: तरुणपणी तो दिग्दर्शक जाँ रेनुआरचा सहायक होता, १९३७च्या 'ला ग्रांद इल्यूझियाँ' या युद्धकैद्यांवरच्या सिनेमावरही, आणि युद्धात स्वतः जर्मनांच्या छावणीत कैदी म्हणून राहिलेला. भुयार, पहारा, वाटून खाल्लेलं अन्न, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कलम_बहाद्दर

जिओव्हानीबद्दलही लिहायलाच हवं, नाहीतर धागा फार गोड होईल. १९४८ मध्ये खुनांच्या खटल्यात त्याला फाशी झाली होती, नंतर ती कमी होऊन तो १९५६ मध्ये सुटला. जर्मन ताब्यातल्या फ्रान्समधले त्याचे काळे उद्योग १९९०च्या दशकात उघड झाले. आता सिनेमा पुन्हा बघा: चौघांनी नेमकं काय केलं हे आपल्याला जवळजवळ कळतच नाही. तपशिलात सांगितलेला गुन्हा एकट्या गास्पारचा. कोठडीतल्या चौघांची एकजूट इतकी स्वच्छ दिसते ती त्यांचं बाहेरचं काहीच दाखवलं नाही म्हणूनही. ही निवड कुणाच्या सोयीची होती, हा प्रश्न मला पडतो.

मधुरा_ठा

पडतो, आणि पडावा. पण त्यामुळे जेओचं काम खोटं ठरत नाही. वाईट माणसं आपसात इमान राखू शकतात, आणि ते इमान बाहेरच्यांच्या वाट्याला येत नाही. दोन्ही एकाच वेळी.

नवखा_सभासद

नुकताच पाहिला. दोन शंका. पार्श्वसंगीत मुळीच नाही असं मला वाटलं, माझ्या प्रतीत बिघाड होता का? आणि सिनेमा नेमका किती मोठा आहे?

पडदानशीन

प्रत ठीक आहे. संगीत शेवटच्या नामावलीवर वाजतं, त्याआधी नाही. फोडण्याचे घाव, पावलं, किल्ल्या, दाराची कडी, एवढ्यावरच सगळं पेललंय. हेडफोन लावून बघा, तळघरात कोण किती लांब आहे ते प्रतिध्वनीवरून कळतं.

लांबीचं म्हणाल तर सुमारे १३१ मिनिटांची प्रत शोधा. वीसेक मिनिटं कमी भरणारी दिसली तर घेऊ नका, त्यात पहिली कात्री कामाच्या दृश्यांना लागलेली असते.

पान्हा_पक्कड

आणि नवख्याने दुसऱ्यांदा बघताना एक करावं. पाळ्यांची नोंद ठेवावी: कोण फोडतंय, कोण आरशावर, कोण पुठ्ठ्याशी, कोण खाली. गास्पारला आरसा पहिल्यांदा कधी मिळतो ते बघा. खाली उतरायला कधी मिळतं तेही. चौघांनी त्याला किती जपून आत घेतलं ते त्या क्रमावरून कळतं, आणि कुठल्या टप्प्यावर त्यांनी जपणं सोडलं, तेही.

शालन

मी सोडल्याची जागा सांगू? डबा आल्यानंतर.

पान्हा_पक्कड

माझ्या नोंदीत ती बरीच नंतर आहे, तो पहिल्यांदा तळघरात उतरतो तेव्हा. तोवर तो नेहमी कुणाच्या तरी नजरेखाली आहे. ताई, तुमचा डब्याचा प्रसंग मी पुन्हा लावून बघतो, मग भांडू.